लॉर्ड केल्व्हिन व दोषशोधनाची विद्या

सेल्सिअस अंशांत २७३ मिळवावयाचे व पुढे ‘के’ हे अक्षर लिहावयाचे, एवढ्यावरच आपल्या शाळेतील बहुतेक विद्यार्थ्यांचा लॉर्ड केल्व्हिन यांच्याशी परिचय संपतो. ज्या पुरुषाने त्रेपन्न वर्षे एकाच विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविले, महासागराच्या तळाशी पडलेल्या दोन हजार मैल लांबीच्या तारेतून अक्षरे कशी न्यावी हे जगास दाखवून दिले व जहाजाच्या होकायंत्रातही मोठी सुधारणा केली, त्याच्या वाट्यास विद्यार्थ्यांच्या वहीत एवढे एकच अक्षर यावे हे चमत्कारिकच म्हणावयाचे.

त्यांच्या चरित्रातील एक भाग प्रस्तुत लेखाकरिता मुद्दाम निवडला आहे, व त्याचे कारण आजच्या विद्यार्थ्यांच्या टेबलावर आहे. आपल्या राज्याच्या बारावीच्या संगणकशास्त्रात ८०५१ या मायक्रोकंट्रोलरची ओळख अनेक वर्षे करून दिली गेली. तंत्रनिकेतनात गेलेल्या मुलांस तर ही चिप बोर्डावर बसवून चालवावीही लागते. चाळीस पायांची ही लहानशी काळी वडी असते. या पायांस पिन म्हणतात. त्यांपैकी बत्तीस पिना आठ-आठांच्या चार गटांत वाटलेल्या असून त्या गटांस पोर्ट असे नाव आहे. दिवा लावणे, मोटर चालविणे, कळ दाबली की नाही हे पाहणे, हे सारे या पोर्टांच्या द्वारे होते. आता लिहिलेला प्रोग्राम बरोबर चालतो की नाही हे पाहण्याकरिता एक युक्ती करतात. चिप सॉकेटातून काढावयाची व तिच्या जागी इन-सर्किट इम्यूलेटर नावाच्या यंत्राचा प्लग खोचावयाचा. हे यंत्र चिपचे सोंग घेते, व शिवाय पावलोपावली थांबून आत काय चालले आहे ते दाखविते. सोय मोठी आहे. पण तिच्यापोटी एक अडचण जन्म घेते. इम्यूलेटर लावला असता दिवा लागतो, आणि खरी चिप बसविली की तो लागत नाही. क्वचित याच्या उलटही घडते. मग दोष कोणाचा? पिनेचा, तारेचा, प्रोग्रामचा, की ज्या यंत्राने तपासले त्या यंत्राचाच? परीक्षकच परीक्षार्थ्याच्या जागी जाऊन बसला तर मिळालेले गुण कोणाचे समजावयाचे?

हा प्रश्न मायक्रोकंट्रोलरपेक्षा पुष्कळ जुना आहे. १८५८ साली तो अटलांटिक महासागराच्या दोन्ही तीरांवर उभा राहिला, व त्या वेळी त्याचे उत्तर न सापडल्यामुळे साडेतीन लक्ष पौंड भांडवलाचा उद्योग काही आठवड्यांत समुद्रात बुडाला. त्या प्रसंगी ज्यांचे म्हणणे खरे ठरले ते ग्लासगोचे तरुण प्राध्यापक विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन होत.

टॉमसन यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. वडील जेम्स टॉमसन हे गणिताचे शिक्षक होते. विल्यम सहा वर्षांचे असताना त्यांच्या मातोश्री वारल्या, व मुलांच्या शिक्षणाचा सर्व भार वडिलांनी आपल्या अंगावर घेतला. पुढे वडिलांस ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब तेथे राहावयास गेले. विल्यम यांनी वयाच्या दहाव्या वर्षी त्या विद्यापीठात नाव घातले. हे वाचून कोणी पालकांनी आपल्या मुलास लगेच दहाव्या वर्षी महाविद्यालयात पाठविण्याचा विचार करू नये. त्या काळी स्कॉटलंडात विद्यापीठाचे खालचे वर्ग आपल्या हायस्कुलासारखेच असत. १८४१ मध्ये ते केंब्रिजला गेले, १८४५ मध्ये तेथील गणिताच्या परीक्षेत दुसरे आले, आणि नंतर काही महिने पॅरिसला रेन्यो यांच्या प्रयोगशाळेत राहिले. रेन्यो हे मापनाच्या कामात अत्यंत काटेकोर म्हणून प्रसिद्ध होते. गणित टॉमसन यांस केंब्रिजने दिले. पण मोजताना हात कसा राखावा व आपल्या उपकरणावरही संशय कसा घ्यावा, हा धडा त्यांस पॅरिसला मिळाला असे म्हणण्यास हरकत नाही.

१८४६ मध्ये, बाविसाव्या वर्षी, ते ग्लासगोत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. विद्यापीठात विद्यार्थ्यांनी स्वतः प्रयोग करावेत अशी प्रथा त्या काळी ब्रिटनमध्ये नव्हती. टॉमसन यांनी एक जुने, वापरात नसलेले मद्याचे तळघर मागून घेतले, आणि तेथे विद्यार्थ्यांच्या हाती तारा व उपकरणे दिली. ज्या शाळांना प्रयोगशाळेकरिता वेगळी खोली मिळत नाही त्यांनी हे तळघर ध्यानात ठेवावे.

आता मुख्य कथेकडे वळू. १८५० नंतर समुद्राखालून तारा घालण्यास सुरुवात झाली होती. तांब्याची तार, तिच्याभोवती गट्टापर्चा नावाच्या झाडाच्या चिकाचे आवरण आणि त्यावर लोखंडी तारांचे चिलखत, अशी ती केबल असे. फॅरडे यांच्या असे पाहण्यात आले की पाण्यात बुडालेल्या लांब तारेत एका टोकास विजेचा ठोका दिला तर दुसऱ्या टोकास तो ठोक्यासारखा निघत नाही. तो हळूहळू चढतो व हळूहळू ओसरतो. कारण असे की आत तांबे, मध्ये आवरण व बाहेर समुद्राचे पाणी, अशी रचना झाल्यामुळे सबंध केबल ही वीज साठविणारी एक प्रचंड लांब बाटलीच बनते. बाटली भरल्यावाचून पलीकडे काही दिसत नाही, आणि रिकामी झाल्यावाचून दुसरे अक्षर पाठविता येत नाही. १८५४ मध्ये टॉमसन यांनी याचे गणित मांडले. केबलची लांबी दुप्पट केली तर हा विलंब दुप्पट होत नाही, चौपट होतो. तिप्पट केली तर नऊपट होतो. यावर उपाय म्हणजे तांबे जाड व शुद्ध असावे, आवरणही जाड असावे, आणि पलीकडच्या टोकास इतके नाजूक उपकरण असावे की प्रवाहाची पहिली झुळूक आली तरी ते हलावे.

हे गणित सर्वांस मानवले नाही. अटलांटिक टेलिग्राफ कंपनीने आपला विद्युत्‌तज्ज्ञ म्हणून वाइल्डमन व्हाइटहाउस या गृहस्थांस नेमले होते. ते व्यवसायाने शस्त्रवैद्य असून विजेचे ज्ञान त्यांनी स्वतःच्या प्रयोगांनी मिळविलेले होते. त्यांनी आपल्या प्रयोगांच्या आधारे टॉमसन यांचा वर्गाचा नियम खोटा ठरविला. दोघांचा वाद जाहीर झाला. व्हाइटहाउस यांच्या मते मोठ्या अंतरास मोठा धक्का हवा. टॉमसन यांच्या मते धक्का लहान ठेवून पाहणारा डोळा तीक्ष्ण करावयास हवा होता. पुढे टॉमसन हे त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर आले, तरी तोपर्यंत केबलचा नमुना ठरून गेला होता व कारखान्यांत काम चालू झाले होते. टॉमसन यांनी त्या तांब्याचे निरनिराळे तुकडे घेऊन मोजून पाहिले, तेव्हा बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या तारांच्या वाहकतेत फार मोठा फरक आढळला. काही तांबे उत्तम तांब्याच्या जेमतेम निम्मे वाहक होते. तोवर तांबे म्हणजे तांबे, इतकेच सर्व धरून चालत. याहूनही नवलाची गोष्ट ही की अर्धी केबल एका कारखान्याने व अर्धी दुसऱ्याने तयार केली, आणि दोघांनी लोखंडी चिलखताचा पीळ एकमेकांच्या उलट दिशेस दिला! दोन्ही अर्ध सरळ जोडले असते तर एकाचा पीळ दुसऱ्याने उलगडला असता. शेवटी जोडाकरिता निराळी योजना करावी लागली.

१८५७ चा पहिला प्रयत्न केबल तुटल्याने फसला. १८५८ च्या जूनमध्ये ‘अॅगामेम्नॉन’ या जहाजास भयंकर वादळाने गाठले, केबल पुन्हा पुन्हा तुटली, तरीही काम सोडले नाही. टॉमसन या जहाजावर स्वतः हजर होते, व त्यांना त्याबद्दल कंपनीकडून वेतन नव्हते. अखेर ५ ऑगस्ट १८५८ रोजी केबल आयर्लंडातील व्हॅलेन्शिया व न्यू फाउंडलंड या दोन्ही किनाऱ्यांस पोहोचली. दोन्ही देशांत दिवाळी झाली.

टॉमसन यांनी आपले आरशाचे गॅल्व्हॅनोमीटर व्हॅलेन्शियास आणले होते. त्याची रचना आपल्या विद्यार्थ्यांस सहज समजेल. रेशमाच्या एका तंतूवर एक चिमुकला आरसा टांगलेला असतो, व त्याच्या पाठीस चुंबकाचे बारीक तुकडे चिकटविलेले असतात. भोवती तारेचे वेटोळे असते. वेटोळ्यातून अत्यल्प प्रवाह गेला की आरसा किंचित वळतो. पण त्यावर पडलेल्या दिव्याचा कवडसा दूरच्या पट्टीवर बोटभर सरकतो. कवडसा डावीकडे गेला की एक खूण, उजवीकडे गेला की दुसरी. प्रकाशाच्या किरणास वजन नसल्यामुळे त्याच्या लांब दांडीचा भार प्रवाहावर पडत नाही, हीच या यंत्रातील खुबी.

व्हाइटहाउस यांनी मात्र पाच फूट लांबीची प्रचंड प्रवर्तन-वेटोळी लावून सुमारे २,००० व्होल्टचे धक्के केबलीत सोडले. त्यांचे स्वतःचे नोंदयंत्र जड होते. त्यास हालविण्याकरिता एवढी शक्ती हवी होती. तरी ते यंत्र नीट चालेना. तेव्हा त्यांनी संदेश टॉमसन यांच्या आरशावर वाचून घेतले व ते आपल्या यंत्राच्या फितीवर पुन्हा उमटवून संचालकांकडे आपल्याच यंत्राचे यश म्हणून पाठविले. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोहोचण्यास सोळा तास लागले. केबलच्या आवरणात आधीपासून दोष होते, ही गोष्ट खरी. वर्षभर ती उन्हातान्हात पडून राहिली होती व वादळात तिचे हालही झाले होते. परंतु जे छिद्र मंद प्रवाहाने कदाचित काही काळ तगले असते ते २,००० व्होल्टच्या धक्क्यांनी मोठे झाले. सप्टेंबरच्या आरंभी शब्द कळेनासे झाले आणि थोड्याच दिवसांत केबल कायमची मुकी झाली.

ज्या तीन-चार आठवड्यांत ती बोलत होती त्या अवधीत एक संदेश असा गेला की ज्याचा आपल्या देशाशी संबंध होता. भारतातील १८५७ च्या उठावामुळे कॅनडातील दोन पलटणींस परत बोलाविण्याचा हुकूम आधी निघाला होता. उठाव ओसरल्यावर तो हुकूम रद्द केल्याचे या केबलने कळविले, व सैन्याच्या नाहक प्रवासाचे सुमारे पन्नास हजार पौंड वाचले.

व्हाइटहाउस यांस खलपुरुष ठरविणे सोपे आहे, आणि पुष्कळ लेखकांनी तसे केलेही. मला वाटते, दोष त्यांच्या हेतूत नव्हता, रीतीत होता. त्यांच्या हाती असलेले यंत्र केवळ केबलची परीक्षा पाहत नव्हते. ते केबलीत काही तरी घालीत होते. आपण जे पाहतो आहो ते केबलचे गुण की आपल्या यंत्राचे, हा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारला नाही. इम्यूलेटर लावून पोर्टाची पिन तपासणारा विद्यार्थी नेमका याच जागी उभा असतो, म्हणून येथे थोडे थांबून ते प्रकरण पाहू.

८०५१ च्या पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या पोर्टांच्या पिना खाली ओढण्यात बळकट व वर ढकलण्यात दुबळ्या असतात. पिनेवर शून्य लिहिले असता ती एक-दोन मिलिअँपिअर सहज गिळते. एक लिहिले असता मात्र तिच्यातून मिळणारा प्रवाह शंभर मायक्रोअँपिअरच्याही आत असतो. शून्य क्रमांकाच्या पोर्टास तर वर ढकलणारा अवयवच नाही. तेथे बाहेरून पाच व्होल्टकडे एक रोध जोडावा लागतो. आता समजा, कोणी एलईडी दिवा पिनेपासून जमिनीकडे, म्हणजे शून्य व्होल्टच्या तारेकडे, जोडला. काही इम्यूलेटरांत पोर्टाच्या पिना स्वतंत्र, बळकट परिपथांनी बनविलेल्या असतात. त्या दिव्यास पुरेसा प्रवाह देतात व दिवा झळकतो. खरी चिप बसविली की तो विझतो. विद्यार्थी म्हणतो, चिप जळाली. वस्तुतः चिप निर्दोष असते, जोडणी चुकलेली असते, आणि ती चूक इम्यूलेटरने आपल्या बळाने झाकलेली असते. दिव्याचे धन टोक साधारण एक किलोओहमच्या रोधातून पाच व्होल्टकडे व ऋण टोक पिनेकडे जोडावे, म्हणजे पिनेने शून्य दिले की दिवा लागेल. सर्वच इम्यूलेटर असे नसतात. ज्यांच्या पोटात त्याच चिपची खास आवृत्ती असते त्यांच्या पिना खऱ्यासारख्याच वागतात. आपला कोणता, हे त्याच्या माहितीपुस्तकात पाहावे.

दोष शोधावयाचा झाल्यास परीक्षक व परीक्षार्थी दोघांसही बाहेर काढून आरंभ करावा. वीज बंद करून रिकाम्या सॉकेटापासून दिव्यापर्यंत तार अखंड आहे ना, शेजारच्या पिनेस चिकटली नाही ना, हे मल्टिमीटरने पाहावे. मग वीज चालू करून सॉकेटात पाच व्होल्ट व शून्य व्होल्ट योग्य जागी येतात ना हे पाहावे, आणि तारेच्या तुकड्याने त्या पिनेचे छिद्र शून्य व्होल्टकडे जोडून पाहावे. वर सांगितल्याप्रमाणे दिवा जोडलेला असेल तर तो लागलाच पाहिजे. न लागला तर दोष बोर्डावर आहे, आणि चिप किंवा इम्यूलेटर यांस बोल लावण्याचे कारण नाही. लागला तर एकच पिन सावकाश शून्य-एक करणारा चार ओळींचा प्रोग्राम घ्यावा, तो आधी इम्यूलेटरने व मग चिपने चालवावा, आणि दोन्ही वेळा त्याच पिनेवर, त्याच भारासह, त्याच मापकाने व्होल्ट मोजावेत. दोन आकड्यांत जो फरक पडेल तो आपणास वाट दाखवील. दोन्हींत पिन हलत नसेल तर प्रोग्राम पाहावा; केवळ चिपमध्ये हलत नसेल तर आणखी दोन संशयित आहेत. इम्यूलेटर पुष्कळदा घड्याळाचे ठोके स्वतःबरोबर घेऊन येतो. त्यामुळे बोर्डावरचा स्फटिक बंद असला तरी त्याचे काम चालते, चिपचे चालत नाही. तसेच एकतीस क्रमांकाची पिन पाच व्होल्टला जोडावयाची राहिली तर चिप आपल्या पोटातला प्रोग्राम सोडून बाहेर शोधीत बसते. इम्यूलेटरला त्याची पर्वा नसू शकते. पिनेवरून कळ वाचावयाची असेल तर तीवर आधी एक लिहून ठेवावा लागतो, नाही तर ती शून्यच वाचील. आणि इम्यूलेटरची ती लांब चपटी केबल? तीही वीज साठविणारी बाटलीच आहे, अगदी लहानशी. टॉमसन यांचे गणित तिलाही लागू पडते. वेगाने बदलणारी खूण तीतून जाताना कडा बोथट होते.

पुन्हा मूळ कथेकडे येऊ. अटलांटिक केबल पडली त्या पाठोपाठ सुएझ, एडन व कराची यांस जोडणारी तांबड्या समुद्रातील केबल १८५९-६० मध्ये घातली गेली. तिच्यावर सुमारे आठ लक्ष पौंड खर्च झाले, आणि सबंध मार्ग एकदाही नीट चालला नाही. केबल चालो वा न चालो, भागधारकांस प्रतिवर्षी ३६,००० पौंड पन्नास वर्षे देण्याची हमी सरकारने देऊन ठेवली होती! या दोन अपयशांनंतर चौकशी समिती बसली व १८६१ मध्ये तिचा अहवाल आला. त्याच वर्षी टॉमसन यांच्या सूचनेवरून ब्रिटिश असोसिएशनने विद्युद्रोधाचे सर्वमान्य एकक ठरविण्यास समिती नेमली. आज आपण ज्यास ओहम म्हणतो तो या खटपटीतून स्थिर झाला. याचे महत्त्व वरवर दिसत नाही. एकक एक नसेल तर कारखान्यात मोजलेला रोध व जहाजावर मोजलेला रोध यांची तुलना कशी करावी? आणि मैलागणिक रोध किती हे निश्चित ठाऊक असेल, तर किनाऱ्यावर बसून, एक बोटही पाण्यात न घालता, समुद्रतळीचा दोष किती मैलांवर आहे याचा अंदाज बांधता येतो.

१८६५ मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजावर नवी, जाड तांब्याची केबल घेऊन टॉमसन निघाले. १८६० च्या हिवाळ्यात बर्फावर खेळताना मांडीचे हाड मोडल्यामुळे ते लंगडत चालत. सुमारे ऐंशी मैल केबल सोडल्यावर कवडशाने दोष दाखविला. मागे ओढून पाहिले तर लोखंडी तारेचा एक तुकडा आवरणातून आरपार जाऊन तांब्यास भिडलेला. काही दिवसांनी पुन्हा तसेच झाले. कोणी तरी मुद्दाम तार टोचली, असा संशय कामगारांवर आला व टाकीत पहारा बसविला गेला. पहारा असतानाही जेव्हा दोष निघाला तेव्हा कळले की चिलखताच्या ठिसूळ तारेचे मोडलेले टोक केबलच्याच वजनाने आत रुतते. निर्दोष माणसांवर आलेले किटाळ असे दूर झाले. त्याच दोषाकरिता केबल मागे घेत असता २ ऑगस्ट रोजी ती तुटली व दोन मैल खोल पाण्यात गेली.

१८६६ मध्ये हेच जहाज पुन्हा निघाले. या खेपेस जहाज व किनारा दोघेही केबलवर अखंड नजर ठेवू शकतील अशी परीक्षेची पद्धत विलोबी स्मिथ यांनी बसविली होती. तपासणीकरिता काम थांबवावे लागत नव्हते. २७ जुलै रोजी केबल पलीकडे पोहोचली. मग जहाज मागे फिरले, गळ टाकून गेल्या वर्षीची हरवलेली केबल वर काढली व तीही पुरी केली. त्यानंतर लॅटिमर क्लार्क यांनी दोन्ही केबलींची पलीकडील टोके एकत्र जोडवून जाण्यायेण्याचा असा एक मार्ग केला, आणि शिवणकामाच्या एका रुप्याच्या अंगुस्तानात थोडे आम्ल व जस्ताचा कपटा घालून केलेल्या विद्युत्‌घटाने अटलांटिकच्या पलीकडे खूण पाठवून परत आणली. जेथे २,००० व्होल्टने केबल मेली होती तेथे अंगुस्तानभर आम्ल पुरे झाले. त्याच वर्षी टॉमसन यांस ‘सर’ ही पदवी मिळाली.

आता वऱ्हाडकडे पाहू. १८६५ पासून इराणचे आखात व तुर्की मुलूख यांतून भारतास तारमार्ग होता, पण त्यावर संदेश दिवसच्या दिवस रेंगाळत व अनेक हातांतून जाता जाता अक्षरे बिघडत. फेब्रुवारी १८७० मध्ये त्याच ‘ग्रेट ईस्टर्न’ने मुंबईहून एडनपर्यंत केबल घातली, आणि जूनपर्यंत मुंबई समुद्रमार्गे थेट इंग्लंडशी जोडली गेली. कारंजा, खामगाव, अमरावती या बाजारांतील कापूस मुंबईहून परदेशी जाई. लिव्हरपूलचा जो भाव पूर्वी टपालाने सुमारे महिन्याने कळे तो आता मुंबईच्या पेढ्यांवर काही तासांत येऊ लागला. त्याचा लाभ वऱ्हाडच्या शेतकऱ्यास किती झाला व अडत्यास किती, हा वेगळा विषय आहे. भाव ज्यास आधी कळतो त्याचे पारडे जड असते, एवढे आपल्या पालकांस सांगावयास नको. टॉमसन स्वतः या कामावर नव्हते, परंतु अशा दीर्घ केबलींच्या टोकाशी त्यांचाच आरसा डुलत असे. पुढे त्यांनीच बनविलेले सायफन नोंदयंत्र त्याच्या जागी आले. त्यातही तीच दृष्टी होती: शाईची बारीक नळी कागदास टेकतच नाही, विजेच्या योगाने शाईचे कण कागदावर उडतात, त्यामुळे घासण्याचा भार नाजूक प्रवाहावर पडत नाही.

१८७० मध्ये त्यांच्या पत्नी मार्गारेट दीर्घ आजारानंतर वारल्या. त्यांनी एक शिडाचे जहाज विकत घेतले, व समुद्र हीच त्यांची दुसरी प्रयोगशाळा झाली. लोखंडी जहाजांच्या चुंबकत्वाने होकायंत्र चुकते, म्हणून त्यांनी हलक्या सुयांचे नवे होकायंत्र केले. पियानोच्या तारेने खोली मोजण्याचे यंत्र केले. १८७४ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. १८९२ मध्ये ते लॉर्ड झाले व विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्व्हिन या लहान नदीचे नाव त्यांनी घेतले.

एक गोष्ट येथे लपविणे बरे नव्हे. पृथ्वी तप्त गोळ्यापासून थंड होत आली असे धरून त्यांनी तिचे वय काढले, आणि अखेरीस ते दोन ते चार कोटी वर्षे असावे या मतावर येऊन ठाकले. भूगर्भशास्त्रज्ञ एवढ्या काळात हे डोंगर व हे थर होणार नाहीत म्हणत होते. त्यांचे त्यांनी ऐकले नाही. १८९५ मध्ये त्यांचेच एके काळचे साहाय्यक जॉन पेरी यांनी दाखवून दिले की पृथ्वीच्या पोटात उष्णता वरच्या खडकांपेक्षा सुलभतेने वाहत असेल तर हे वय अनेक पटींनी वाढते. गणित निर्दोष होते, त्यात घातलेले गृहीत तपासलेले नव्हते. आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे मानले जाते. ज्यांनी जगास आपल्या उपकरणावर संशय घ्यावयास शिकविले त्यांनी या एका ठिकाणी आपल्या गृहीतावर संशय घेतला नाही, आणि पेरी यांनी गुरूची भीड न धरता तो घेतला.

१८९९ मध्ये, त्रेपन्न वर्षांच्या अध्यापनानंतर, केल्व्हिन प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले, आणि विद्यापीठाशी संबंध राहावा म्हणून त्याच विद्यापीठात त्यांनी संशोधक विद्यार्थी म्हणून आपले नाव नोंदविले. त्या वेळी ते पंचाहत्तर वर्षांचे होते. १७ डिसेंबर १९०७ रोजी स्कॉटलंडातील लार्ग्झ येथील राहत्या घरी त्यांचे देहावसान झाले, व लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटन यांच्या शेजारी त्यांस भूमी मिळाली.